पाठीवरचा डाग

रंगाऱ्याच्या बायकोला सोमवारी धुणं भिजवताना नवऱ्याच्या सदऱ्यावर, पाठीमागे, पाच बोटांच्या टोकांचे डाग दिसले. रंगाचे असतील म्हणून तिने रॉकेल लावून घासले. डाग गेले. मंगळवारी तो पुन्हा तेच घेऊन घरी आला, आणि आता अख्खी बोटं उमटली होती. लिंबू, मीठ, सोडा, सगळं करून झालं तेव्हा कुठे निघाली.

"पाठीवर कोण हात ठेवतं हो?"

"दहाव्या मजल्याच्या परांचीवर मी एकटाच असतो. तिथे कोण येणार मरायला?"

बुधवारी तिने नवाकोरा सदरा काढून दिला. "आज नका जाऊ," म्हणाली. तो हसत जिना उतरू लागला.

ती दारातून बघत राहिली. त्याच्या पाठीवर पूर्ण तळवा उमटला होता, आणि त्याखालचं कापड हळूहळू आत दबत होतं.