टाच आधी

"टाच आधी, आजोबा. मग बोटं. पाय ओढायचा नाही, उचलायचा."

"उचलतोय हो बाई. पण हा पाय माझा वाटतच नाही. दुसऱ्याच्याच मापाचा शिवून आलाय."

फिजिओथेरपिस्ट बाई हसल्या, पण आजोबांच्या कमरेचा पट्टा सोडला नाही. आजोबा जन्मभर शिंपीकाम करत आले होते. अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात आणि उजवा पाय नेला, जीभ तेवढी शाबूत ठेवली.

बाई रोज सकाळी येत. आधी पोटरीला आणि खांद्याला तेल चोळून आखडलेलं अंग मोकळं करत, मग कामाला लावत. खुर्चीतून उठा, बसा. भिंतीला न धरता वळा. वाटीतली बटणं उचलून डब्यात टाका. बटणं आजोबांच्याच दुकानातली होती. एके काळी अंधारातही सुईत दोरा ओवणाऱ्या त्या बोटांतून ती निसटत, पलंगाखाली जात, आणि नात रांगत जाऊन शोधून आणी.

"आजोबा, आज नापास!" नात जाहीर करी.

"उद्या परत पेपर देतो, मास्तरीणबाई."

एकदा मालिश चालू असताना आजोबांनी हळूच विचारलं, "बाई, खरं सांगा. मी एकट्याने चालेन ना?"

"चालाल की. घाई कसली?"

आजोबांनी दाराकडे पाहून घेतलं. "खालच्या मजल्यावर एक मास्तर होते. माझ्याबरोबर पत्ते खेळायचे. पत्ते लपवायचे, पण माणूस चांगला. बाथरूममध्ये पडले, मांडीचं हाड मोडलं. पुढे मुलांनी वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं. मी खिडकीतून बघत होतो. काठी टेकत आपले आपण गाडीत बसले. वर बघून हात केला मला. घरात अडचण होऊन राहिलं की असं होतं, बाई. मला इथेच मरायचंय. याच खिडकीपाशी."

"मग अडचण व्हायचंच नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पोटरीत अंगठा असा रुतवला की आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "दुखतंय?"

"दुखू दे."

त्या दिवसापासून आजोबांना थांबवावं लागे. बाई गेल्यावरही ते खोलीत येरझाऱ्या घालत. टाच, बोटं. टाच, बोटं. नात मागे मागे तसंच चालून दाखवी.

मुलगाही आता बाईंना जिन्यात गाठून चौकशी करी. "संडासला एकटे जातील ना? शर्टाची बटणं? आणि जिना?"

"वडिलांची इतकी काळजी करणारा मुलगा हल्ली कुठे बघायला मिळतो?" बाई म्हणाल्या. मुलगा खाली बघत पायऱ्या उतरून गेला.

सून आजोबांचीच मोजपट्टी घेऊन पलंगामागची भिंत मोजून गेली. धरून चालायला दांडा बसवायचाय, म्हणाली. दांडा काही आला नाही. पण तोवर आजोबांना त्याची गरजही उरली नव्हती.

बोटांत बळ आलं तशी सुनेने आजोबांच्या पुढ्यात त्यांचे शर्ट, पायजमे, टॉवेल असा ढीग आणून ठेवला. "बाबा, प्रत्येकावर लाल दोऱ्याची फुली घाला. लॉन्ड्रीत अदलाबदल होते हो. तेवढाच बोटांना व्यायाम."

आजोबा हरखले. पहिली फुली वाकडी आली. उसवली, परत घातली. ढीग संपेपर्यंत टाके असे बसू लागले की त्यांनी सुनेला हाक मारून बोलावलं. "ये, बघून घे. मशीनला जमेल का हे?"

"माझ्या फ्रॉकवर पण घाला ना," नात म्हणाली.

"तुझ्यावर नको," सून पटकन म्हणाली. "तुझे कपडे घरीच धुतो आपण."

मग उरला जिना. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी, हे बाईंनी शिकवलं आणि नातीने पाठ करून घेतलं. आजोबा चुकले की ती पहिल्या पायरीपासून परत सुरुवात करायला लावी.

एके संध्याकाळी मुलगा आजोबांच्या पलंगावर येऊन बसला. पुष्कळ दिवसांनी बसला होता. "बाबा, उद्या एक मॅडम तुमचं चालणं बघायला येतील. त्यांनी पास केलं की झालं."

"या बाईंच्या वरच्या का?"

"तसंच समजा."

सकाळी आजोबांनी स्वतःच्या हाताने दाढी केली. मॅडम आल्या. हसतमुख, वयाने पोक्त. आजोबा हात न टेकता खुर्चीतून उठले. खोलीच्या टोकापर्यंत जाऊन वळून आले. संडासची कडी लावून, काढून दाखवली. शर्टाची बटणं काढून परत लावली, आणि वर चेष्टा केली, "ढिलं असेल तर टाकाही घालून देतो." मग ते जिना उतरले. दुबळा पाय आधी, कठड्याला हात न लावता. वर आले तेव्हा सून आणि मुलगा दारात श्वास रोखून उभे होते. फिजिओथेरपिस्ट बाईंनी पदराने डोळे टिपले.

"दहापैकी दहा!" नात ओरडली.

"झटका येऊन गेलाय असं वाटतसुद्धा नाही," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे पास ना मी?" आजोबांना धाप लागली होती, पण चेहरा फुलला होता. "आता माझी कुणाला अडचण नाही."

"अगदी पास, आजोबा." मॅडमनी त्यांची नीट न बसलेली कॉलर सारखी केली. आत लाल फुली दिसली. "अरे वा, खुणाही घालून ठेवल्यात."

मग त्या मुलाकडे वळल्या. "परवा घेऊन या. आणि झटका आला तेव्हा फोनवर तुम्हाला नाही म्हणावं लागलं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. अंथरुणाला खिळलेल्यांना आम्ही आश्रमात घेतच नाही हो, त्यांना घरीच ठेवावं लागतं."