डाव्या बाजूचा आवाज

आप्पांनी चष्म्याचं घर सुनेपुढे उघडून धरलं. आतल्या मखमलीवर तिळाहून बारीक असा एक तपकिरी तुकडा होता.

"हे काय?" पायातल्या चपला न काढताच तिने विचारलं.

"तुझ्या कॉम्प्युटरमधलं. धूळ झाडत होतो. ब्रश कुठेतरी अडला, मी जरा जोर लावला, आणि हे टपकन खाली पडलं."

सून आर्किटेक्ट होती, काम घरूनच करायची. एका शाळेचे नकाशे आज संध्याकाळपर्यंत पाठवायचे होते आणि ते सगळे त्याच कॉम्प्युटरमध्ये होते. आतला पंखा फार घरघरतो, असं ती सारखी म्हणे. म्हणून ती साइटवर गेल्याचं बघून आप्पांनी झाकण उघडलं होतं.

"गोंद नाही ना लावलात?"

"लावणार होतो. बाटलीचं झाकणच निघेना."

"भलं होवो त्या बाटलीचं," सून म्हणाली आणि पदर खोचावा तशी ओढणी खोचून टेबलाखाली शिरली.

मदरबोर्डवर एका कोपऱ्यात दोन चंदेरी ठिपके उघडे पडले होते. तिने मोबाइलवर फोटो काढून आपल्या भावाला पाठवला. त्याचा दुरुस्तीचाच धंदा होता. त्याचा लगेच फोन आला.

"तुकडा जपून ठेव. त्या ठिपक्यांना काही चिकटलेलं नसेल तर चालू करून बघ. एखादा भाग नसला तरी अडत नाही, एखाद्यावाचून सगळंच बंद पडतं. हा कुठला ते चालू केल्यावर कळेल."

"तोवर मी जरा गॅलरीत जाऊन येतो," आप्पा म्हणाले.

"कुठे जायचं नाही. टॉर्च धरा."

तिने बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला, आणि थोड्या वेळाने शाळेचे जिने, वर्ग, व्हरांडे एकेक करून जागेवर आले. आप्पांनी टॉर्च विझवला.

सुनेने हेडफोन चढवले, गाणं लावलं आणि कामाला लागली. मग थांबली. हेडफोन काढून झटकले, पुन्हा लावले.

"डाव्या बाजूचा आवाज गेला, आप्पा. गाणं एकाच कानात येतंय."

आप्पांचा चेहरा पडला. "उद्याच घेऊन जातो तुझ्या भावाकडे."

"आधी हे नकाशे जाऊ देत," ती म्हणाली आणि मुक्या झालेल्या बाजूचा हेडफोन कानामागे सरकवून पुन्हा कामात बुडाली.

उन्हं कलल्यावर आप्पा स्वयंपाकघरात गेले. कामाच्या वेळी तिच्या दोन्ही कानांवर हेडफोन असत; तिला काही विचारायचं तर समोर जाऊन हात हलवावे लागत, त्यामुळे अलीकडे ते भांड्यांशीच बोलत. पातेलं उचलत ते पुटपुटले, "चहा ठेवावा का?"

"अर्धा कप," खोलीतून उत्तर आलं.

आप्पा पातेलं हातात धरून तसेच उभे राहिले. मग त्यांनी जरा चाचपडत म्हटलं, "दूध आज पातळ वाटतंय."

"कालही होतंच की."

त्यांनी खिडकीतून पाहिलं. "समोरच्या डॉक्टरीणबाईंनी मांजर पाळलंय."

"कसलं?"

"एका डोळ्याचं. पण रुबाब बघ त्याचा."

आतून हसल्याचा आवाज आला. चहा उतू गेला.

नकाशे वेळेत गेले. दुसऱ्या दिवशी आप्पांनी पिशवी काढली. "कॉम्प्युटर नेऊ ना दुरुस्तीला?"

"नेऊ की. नव्या कामाचा हा मजला काढून संपू दे."

तो मजला संपला, वरचा सुरू झाला. आप्पांनी पुन्हा विचारलं.

सुनेने मान वर केली नाही. "तुम्हाला काही घाई आहे का?"

"नाही," आप्पा म्हणाले. "मला कसली घाई?"

त्या दुपारी त्यांनी आपली वेताची खुर्ची गॅलरीतून उचलली आणि टेबलाच्या डाव्या बाजूला आणून ठेवली. सुनेने तिथली नकाशांची भेंडोळी उचलून पलीकडे टाकली.

"हं," ती म्हणाली, "काय म्हणत होतात?"