आमेन होईपर्यंत

याकोबची जेवणाआधीची प्रार्थना म्हणजे नुसतं लांबण. पाऊस मागायचा, कर्जतचं भलं मागायचा, शेजाऱ्याच्या आजारी म्हशीलासुद्धा विसरायचा नाही. तेवढ्यात धाकट्या तबिताचा हात भाकरीकडं सरकायचा आणि आईचा, दयाबाईचा, फटका बसायचा. "आमेन झाल्याबिगर शिवायचं न्हाई! जिवाला आवर घालायला शिक." बहात्तरच्या दुष्काळी कामावर दरड कोसळून याकोब गेला. त्याला माती देऊन सगळे परतले, तेव्हा शेजारणीनं रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी आणली. कालपासून उपाशी पोरांनी हात जोडले, डोळे मिटले. नवऱ्याच्या जागी दयाबाईनं प्रार्थना सुरू केली, पण 'प्रभू, आमच्या घरधन्याला' एवढं म्हणून तिनं पदरात तोंड लपवलं; प्रार्थना तिथंच अर्धवट राहिली. भाकरी गार झाली, तरी तबिताचा हात हलेना. आईनंच तो धरून भाकरीवर ठेवला. "खा, माझे बाय." डोळे न उघडताच तबितानं हात मागं घेतला. "आई, आमेन कुठं झालंय अजून?"