सुगंधाबाईंची साक्ष

सुगंधाबाईंचा अजून पत्ता नव्हता आणि डॉ. उमाळकरांचा दुसरा चहा संपत आला होता.

चंद्रपूरच्या त्या लहानशा कार्यालयात टेबलापलीकडे संपादक शगुफ्ता मॅडम बसल्या होत्या. अलीकडच्या खुर्चीत नागपूरहून आलेले उमाळकर सर, लोकगीतांतले मोठे जाणकार. आणि दारालगतच्या खुर्चीत रंजीता. सावली गावाजवळच्या खेड्यातली, पीएचडी करणारी, आणि या घडीला चोर ठरण्याच्या बेतात असलेली.

भानगड सरळ होती. रंजीताने दंडारीतल्या बाळंतिणीच्या गाण्यांवर लेख लिहिला. दंडार म्हणजे पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या गावांत दिवाळीच्या सुमारास रंगणारा नाचगाण्याचा खेळ. गाणी सगळी सुगंधाबाईंकडून मिळालेली. एका नियतकालिकाने तो लेख तपासायला पाठवला. कोणाकडे, ते तेव्हा तिला ठाऊक नव्हतं. 'पार्श्वभूमी अपुरी, छापू नये' असा शेरा परत आला. पुढे शगुफ्ता मॅडमच्या त्रैमासिकात तीच गाणी, तेच अर्थ आणि सुगंधाबाईंचंच नाव घेऊन दुसरा लेख आला. लेखक उमाळकर. तपासणारेही तेच होते, हे तक्रार केल्यावर कळलं.

शेऱ्यात थोडं तथ्य होतं, हे रंजीताही मान्य करायची. झाडीपट्टीतल्या शेंबड्या पोरालाही जे ठाऊक असतं ते काय लिहायचं, म्हणून तिने बरंच काही लिहिलंच नव्हतं.

उमाळकरांनी डाव उलटवला होता. चोरी माझी नव्हे, हिची. आज त्यांचं खरं ठरलं तर रंजीताची पीएचडी रद्द होणार होती. तिचं खरं ठरलं तर त्यांचा लेख जाहीरपणे मागे घेतला जाणार होता.

"मी बाईंकडे हिच्या किती तरी आधी गेलोय," उमाळकर म्हणाले. "हिचा लेख हातात आला तेव्हाच ओळखलं. पण म्हटलं, गरिबाची पोर आहे. कशाला आयुष्य खराब करा?"

रंजीताचा तिळपापड झाला.

"रेकॉर्डिंग?" शगुफ्ता मॅडमनी विचारलं.

"बाईंनी करू दिलं नाही हो." हेसुद्धा त्यांनी तिच्याच लेखातून उचललं होतं.

"रंजीता, तुझ्याकडे काय आहे?"

"काईच नाई, मॅडम. माह्याकडे फक्त सुगंधाबाई हायेत."

उमाळकर दयेने हसले. "त्या म्हाताऱ्या बाईला इतक्या लांब आणणार? मागच्या भेटीत त्यांना उठवतही नव्हतं."

तेवढ्यात रंजीताचा फोन वाजला. भाऊ होता, रोशन. "ताई, मूल गाव सोडून लय वेळ झाला. पोचूनच राह्यलो. सुगंधाबाई मांगं बसून हायेत. तू टेन्शन घेऊ नको."

टेन्शन कसलं? उमाळकरांचा लेख तिने सुगंधाबाईंना सगळा वाचून दाखवला होता. ऐकून झाल्यावर एवढंच उत्तर आलं होतं, "मले घेऊन चाल. या साहेबाले भेटाच लागते."

तिने फोन ठेवला आणि उमाळकरांकडे वळली.

"सर, तुमी घरी गेलते का त्यांच्या?"

"गेलो होतो म्हणजे? पाहुणचार घेतलाय!" उमाळकर खुलले. "हिरवं लुगडं, कपाळावर कुंकवाची ही एवढी चिरी. जात्यावर दळता दळता गायच्या. मी पाया पडलो तर माझी दृष्ट काढून कानशिलावर बोटं मोडली त्यांनी."

"अन् ते पाळण्याचं गाणं?"

"ते तर त्यांच्या स्वतःच्या पहिल्या बाळंतपणातलं. कळा सोसता सोसता सुचलं म्हणाल्या. सांगताना ढसाढसा रडल्या. लेखात लिहिलंय मी ते."

"हे सगळं तुमचा जबाब म्हणून लिहून घेऊ का?" शगुफ्ता मॅडमनी विचारलं.

"अवश्य. खाली सही करतो."

आणि त्यांनी केलीही, चांगली लफ्फेदार. रंजीताने ओढणीचं टोक तोंडाशी धरलं आणि मान खाली घातली. तिचे खांदे हलत होते. पोरगी रडतेय असं वाटून उमाळकरांनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. कितीतरी महिन्यांनी तिला पोटभर श्वास घेता येत होता. आता कोणी काहीही म्हणो, तिला कशाचीच भीती उरली नव्हती.

बाहेर मोटारसायकल थांबली. दार लोटून एक म्हातारा आत आला. पांढरंशुभ्र धोतर, खांद्यावर दुपट्टा, पिळदार मिशा. त्याच्यामागून हेल्मेट काढत रोशन आला. त्याच्यामागे कोणी नव्हतं.

उमाळकरांनी दाराबाहेर डोकावून पाहिलं आणि हायसं वाटल्यासारखे मागे रेलले. "काय, बाई आल्या नाहीत वाटतं?"

म्हाताऱ्याने शगुफ्ता मॅडमना हात जोडले. मग पदर सावरल्यासारखा दुपट्टा खांद्यावर सारखा केला आणि उमाळकरांसमोरची खुर्ची ओढून बसला.

"आलो ना, साहेब. माहं नाव पोचू. उभी हयात दंडारीत लुगडं नेसून नाचलो, म्हणून सारं गाव मले सुगंधाबाईच म्हणते. आता तुमीच सांगा, माहं पयलं बाळंतपण कवा झालं?"