चार बोटांची घडी

संध्यानं बाथरूमची कडी लावली आणि अहवालाचा कागद वरून चार बोटं दुमडला. नाव, वय, पत्ता सगळं घडीत गेलं.

पुंडलिकनगरात ती तिच्यासारख्याच अंध मुलांना फोन वापरायला शिकवायची. "आपल्याला दिसत नाही, म्हणून जगालाही दिसत नाही असं समजू नका," हे तिचं पालुपद. कागद वाचून दाखवणारं ॲप फोटो कुठं पाठवतं, देव जाणे. म्हणून आधी नाव झाकायचं, स्क्रीन काळी करायची, कानात इयरफोन घालायचे.

घरात मात्र हे शहाणपण चालत नसे. नणंद प्रांजली मोठ्या हौसेनं तिची पत्रं वाचून द्यायची आणि संध्याकाळपर्यंत ती गल्लीला तोंडपाठ असायची. पोरगी मनानं सोनं, पण तोंडात तीळ भिजत नव्हता.

आज ते परवडणारं नव्हतं. गाठीचा तुकडा तपासायला दिला होता, त्याचा हा अहवाल. प्रांजलीचं लग्न आठ दिवसांवर. घरात कुणकुण लागली असती, तर मांडव सोडून सगळे दवाखान्यात जाऊन बसले असते.

आणि सासूबाई, केसरबाई, नेमक्या बाथरूमच्या दाराशीच मेथी निवडत बसल्या होत्या. बाईंना अक्षरओळख नव्हती, पण कान मोठे तिखट.

"वहिनी अजून आतच?" प्रांजलीचा आवाज आला. "काही वाचायचं असेल तर सांग म्हणावं, मी मोकळीच आहे."

"न्हाऊ दे की तिला निवांत," केसरबाई म्हणाल्या. "तू जा, दूध घेऊन ये."

"फ्रिजमध्ये आहे की."

"मग दही आन."

फाटक वाजलं. संध्यानं फोटो काढला. तो हुकला. दुसऱ्यांदा तिनं कोपर गुडघ्यावर टेकवलं. कानातला कोरडा आवाज एकेक ओळ वाचत गेला. शेवटची ओळ तिनं पुन्हा ऐकली. मग नळ सोडून रडून घेतलं. फार जीव होता तिचा या घरावर, त्या वटवट्या नणंदेवरसुद्धा.

तोंड पुसून तिनं कडी काढली. मेथी खुडायचा आवाज थांबला.

"काय निघालं गं?" केसरबाईंनी हळूच विचारलं.

संध्या भिंत धरून खाली बसली. सासूचा ओला हात चाचपून तिनं घट्ट धरला.

"आई, तुमची गाठ साधी आहे."