आप्पांचा वाडगा

चाकावरून उतरलेला वाडगा कसा गोल गरगरीत असायचा, आणि मग सुवर्णा त्याला अंगठ्याने हलकेच चेपायची. शहरातल्या गिऱ्हाइकांना भांडं हाताने घडवलेलं दिसायला हवं होतं. निळी झिलईसुद्धा ती मुद्दाम एका बाजूला ओघळू द्यायची.

"चांगल्या भांड्याची वाट लावतेस," तिचे वडील, आप्पा, कुरकुरायचे. चाळीस वर्षं त्यांनी अख्ख्या गावाला माठ पुरवले. एकही वाकडा गेला नव्हता. पण अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांचे हात थरथरू लागले. पहिलाच वाडगा एका अंगाला कलला, तेव्हा शरमेने त्यांनी तो फळीवर मागे सारला. सुवर्णाने तो गुपचूप भाजला आणि प्रदर्शनात मांडला.

एक बाई नेमक्या त्याच्यापाशीच थांबल्या. "हा खरा! बाकीचे मुद्दाम चेपल्यासारखे वाटतात. असेच सहा हवेत."

सुवर्णाचा चेहरा उतरला. आप्पा तर ओशाळून पुढेच आले. "माफ करा ताई, आजारपणात बिघडलाय तो. महिन्याभरात हात बरे होतील, मग अगदी गोल करून देतो."

"छे छे," बाई घाबरून म्हणाल्या, "त्याच्या आतच द्या!"