एकदाच दिसणारी किल्ली

"हे सांगून कुणाला खरं वाटायचं नाही. माझ्या बायकोलासुद्धा वाटलं नाही, आणि तिने तर मी श्रीमंत होणार म्हणून माझ्याशी लग्न केलं होतं!"

असं म्हणत जिन-फाने खिशातलं चुरगळलेलं हिरवं पाकीट फोडलं आणि मक्याचे कुरकुरे बशीत ओतले. मग गुडघा दाबत खुर्चीत बसला. या सायकलच्या साखळ्यांच्या कारखान्यात त्याची एकेचाळीस वर्षं गेली होती आणि त्यातली निम्मी तरी आज पायांत उतरली होती.

समोर ताइपेहून आलेल्या हुंग बाई. शेजारी त्यांचे इंजिनिअर पेंग, गोल आणि भुकेले. मालक रस्त्यात अडकले होते. ते आले की वरच्या हॉलमध्ये भिंतीवरच्या पडद्यावर आजच्या साखळ्यांचे आकडे बघायचे: किती बनल्या, किती बाद झाल्या. बाईंना कागद चालत नसे. कागदावर एकाने त्यांना फसवलं होतं. आकडे चालू पडद्यावर दिसले तरच ऑर्डरवर सही, नाहीतर चाळीस माणसांचं वर्षभराचं काम दुसऱ्या गावाला.

"गेल्या वर्षी ओसाकाचे पाहुणे यायचे होते," जिन-फा म्हणाला. "अगदी तुमच्यासारखेच. पडदा बघितल्याशिवाय चहासुद्धा पिणार नाही म्हणणारे. आणि सकाळी आठ वाजता पडदा पांढराफटक!"

"वीज गेली?" पेंगनी विचारलं.

"वीज कसली जाते! आकडे ठेवलेत दूर, क्लाउडवर. पडद्यावरचं आमचं पान तिथून ते मागून आणतं. पण क्लाउडवाले उठसूट कुणालाही देत नाहीत हो ते. आधी आपल्या पानाची तिथे नोंदणी करायची, दाखला काढावा तशी. मग एक नंबर मिळतो आणि एक किल्ली, म्हणजे अक्षरांची लांबलचक ओळ. किल्लीला मुदत असते. आमची संपली होती."

"कुणी लक्षात ठेवलं नाही?"

"ठेवलं की! चुकीच्या गोष्टीचं." जिन-फा थकल्यासारखा हसला. "यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून त्याच्यावर कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवतात, तुमच्याकडेही असेल."

"आमच्याकडे चार आहेत," पेंग म्हणाले. "हिरवंच लागतं. पिवळं ठेवलं की यंत्र रुसतं."

"आणि मुदत संपलेलं चालत नाही. आमचा सगळा कारखाना त्या पाकिटाची तारीख पाठ म्हणायचा. किल्लीची तारीख कुणी बघितलीच नाही. त्या दिवशी दोन्ही संपल्या."

दार किलकिलं झालं. ऑफिसातली मेई-छिन डोकावली. केस विस्कटलेले, कपाळावर घाम.

"काका, डावीकडची की उजवीकडची?"

"डावीकडची. उजवीकडे नुसती चिठ्ठी आहे," मान न वळवता जिन-फा म्हणाला. दार लागलं. "चहाच्या बरण्या. सहा वर्षं झाली, अजून विचारते. तर, नव्याने नोंदणी केली. आता ऐका गंमत. किल्ली एकदाच दिसते. नोंदणीचं पान बंद केलं की तिच्या जागी नुसती चांदण्यांची रांग. आणि तिच्या उजवीकडे तशीच लांबलचक दुसरी ओळ, किल्लीचा नुसता क्रमांक. आमच्या या शहाणीने काय उचललं असेल?"

"क्रमांक!" पेंगनी मांडीवर थाप मारली.

"आणि पान बंद! मग काय, मी सरळ मागच्या भूमिदेवाच्या देवळात गेलो, दोन लाकडी फासे टाकून कौल लावला. देवा, जुनी शोधू की नवी काढू? तीन वेळा लावला, तिन्ही वेळा कौल आला: नवी काढ. एक फासा तर जाऊन कडेवर उभा राहिला, हे शपथेवर सांगतो."

"कडेवर?" हुंग बाईंनी पहिल्यांदाच भुवई उचलली.

"खरं वाटायचं नाही म्हणालो ना मी."

दार पुन्हा उघडलं. "काका, झालं. पण पंधरा मिनिटं लागतील म्हणतंय."

"लागू देत, बाळ. बस जरा तू."

"पंधरा मिनिटं, पाणी उकळायला?" पेंग हसले.

"किटली माझ्या वयाची आहे." जिन-फाने रुमालाने मान पुसली. "तर नवी किल्ली लावली. तरी पडदा कोरा! का, तर नव्या नोंदणीला आकडे बघायची परवानगीच दिलेली नव्हती. ती दिली. पण दिली म्हणून लगेच लागू होते थोडीच. सरकारी हुकुमासारखी रेंगाळत येते. आणि पाहुणे तर फाटकात!"

हुंग बाईंनी बशीतला एक कुरकुरा उचलला, दाताखाली धरला आणि हळूच खाली ठेवला. मग रिकामं पाकीट जवळ ओढलं.

"मग त्यांचं तेवढा वेळ काय केलंत?" त्यांनी विचारलं.

"मालकांनी देवळात नेलं. मोठं देऊळ आहे, वेळ जातो. इकडे मी जुनं पाकीट कचऱ्यात टाकलं, नवं आणून यंत्रावर ठेवलं, आणि सांगतो बाई, पाकीट टेकायला आणि पडदा लखलखायला एकच गाठ! आकडे असे पळायला लागले की ओसाकाचे म्हातारे साहेब उभे राहून टाळ्या वाजवायला लागले."

"वा!" पेंग म्हणाले आणि शेवटचा कुरकुरा तोंडात टाकला.

जिन-फाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अजून दहा मिनिटं. "आता त्या साहेबांच्या टोपीची गोष्ट सांगतो, तीसुद्धा कुणाला—"

"काका." हुंग बाईंनी पाकीट उलटं करून त्याच्यापुढे ठेवलं. "याच्यावर मार्करने लिहिलंय, 'यंत्रावरून हलवू नये'. आणि तारीख कालची आहे. तुमच्या त्या पाहुण्यांना देवळात कुणी नेलेलं नाही. ते इथेच बसून शिळे कुरकुरे खातायत."